गाडीच्या नाकावर महाराज

एका जंगलात एक गाडी होती.

साधीसुधी गाडी नव्हे. बसकी, रुंद, लालभडक. सुरू केली की झाडावरची माकडं गप्प बसायची. जंगलात गाडी कुठून आली, असं आता कोणी विचारायचं नाही. हरणं खुरांनी स्टिअरिंग कसं धरतात, हेही नाही. गोष्ट ऐकायची असेल तर मांडी घालून बसा आणि शेजारच्याला चिमटे काढणं बंद करा.

तर त्या जंगलाचा राजा होता गवा. सिंह का नव्हता? कारण सिंहाला भाषण येत नसे. गव्याला येत असे, आणि एकदा सुरू झालं की ते थांबवणं कोणालाच येत नसे.

या जंगलात आणि टेकडीपलीकडच्या जंगलात मिळून पाणवठा एकच. पावसाळा-हिवाळ्यात तो दोघांनाही पुरायचा. उन्हाळ्यात एकालाच. पूर्वी त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या, शिंगं मोडायची. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, मारामारी नको, शर्यत लावू. ज्यांची गाडी टेकडीला तीन फेऱ्या मारून आधी येईल, त्यांना उन्हाळाभर पाणी. हरलेल्यांनी नदीवर जायचं.

नदी लांब होती. वाटेत बिबट्या राहायचा. नदीला गेलेली सगळीच पाडसं परत येत नसत. आता हसू नका, इथे हसण्यासारखं काही नाही.

गाडी चालवायची तरला नावाची हरणी. तिला दोन पाडसं होती. ती फटकळ होती, चांगली चालवायची, आणि आपण चांगलं चालवतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. शर्यतीआधी महाराजांनी बैठक घेतली, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "मला एवढंच सांगायचंय. इंजिनातलं तेल सांभाळलं तर आपण जिंकतो. नाही सांभाळलं तर नाही."

"तेल? कसलं तेल?" महाराजांनी विचारलं. त्यांना चंपीचं तेल माहीत होतं.

"इंजिनात फिरतं ते. गार असताना ते काकवीसारखं जाड असतं. तेव्हा गाडी पिदडायची नाही, हळू चालवून तेल गरम होऊ द्यायचं. मग पळवायची. पण पळवताना ते फार तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. मग लोखंडाला लोखंड घासतं आणि इंजिन जाम होतं. म्हणून काटा चढला की जोर काढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि गाडी चालती ठेवायची. वारा लागला की काटा उतरतो. उतरला की पुन्हा पळवायची."

"पण आपल्याकडे गाडीतलं पाणी कधीच उकळत नाही," कोणीतरी म्हणालं.

"पाण्याचा काटा वेगळा, तेलाचा वेगळा. पाणी गार असलं तरी तेल तापलेलं असू शकतं. गाडीच्या नाकाला दोन जाळ्या आहेत. वरच्या जाळीमागे पाण्याचा रेडिएटर, खालच्या जाळीमागे तेलाचा ऑइल कूलर. खालची जाळी उघडी ठेवा. बाकी मी बघते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. या जंगलात माना फार छान डोलवत.

"ते झालं," महाराज म्हणाले. "सत्काराचं काय ठरलं?"

आता इथे थांबून मला तुम्हाला एक सांगायला हवं. या जंगलात सत्काराशिवाय पान हलत नसे. घुबडाचा रात्रभर जागल्याबद्दल सत्कार झाला होता. अजगराचा एका जागी पडून राहिल्याबद्दल झाला होता. आणि नियम असा, की एकदा घातलेला हार कार्यक्रम संपेपर्यंत काढायचा नाही. काढला तर घालणाऱ्याचा अपमान. मागे कोणीतरी अस्वलाने घातलेला हार शिंका येतात म्हणून काढून ठेवला होता. तेव्हापासून अस्वलं त्याच्या दारावरून जात नाहीत. बारशालाही आली नाहीत.

सत्कार समितीचे कार्याध्यक्ष होते एक कोल्हे. सगळे त्यांना दाजी म्हणत. नेमके कोणाचे दाजी, ते कोणालाच माहीत नव्हतं. दाजी उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, सत्काराची काळजी नको. मी स्वतः गाडीत बसतो. वाटेतल्या एकाही वस्तीचा हार चुकणार नाही."

"दाजी, ती शर्यत आहे," तरला म्हणाली.

"म्हणूनच. तेरवी असती तर घरीच बसलो असतो."

शर्यतीचा दिवस उजाडला. सगळं जंगल लोटलं. पलीकडच्या जंगलाची गाडी आधीच येऊन उभी होती. तीही तसलीच, फक्त रंग उडालेली. ती चालवणार होता भुंड्या नावाचा रानडुक्कर. तो कोणाशी बोलत नसे, कोणाच्या कार्यक्रमाला जात नसे, आणि दुसऱ्यांनी हेरून ठेवलेली कंदमुळं उकरून खात असे. साहजिकच त्याला निरोप द्यायला कोणीही आलं नव्हतं. बिचारा एकटाच गाडी पुढे-मागे करत तेल गरम करत बसला होता.

तरलानेही गाडी सुरू केली. महाराजांनी भाषण सुरू केलं. गाडीचा इतिहास झाला, जंगलाचा इतिहास झाला, महाराजांच्या आजोबांचा इतिहास झाला. तोवर तेल अगदी हवं तेवढं गरम झालं. भाषणाचा एवढा थेट उपयोग झालेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग हत्ती पुढे आला. त्याच्या सोंडेत झेंडूचा हार होता, जाडजूड, दोन रेड्यांना मिळून होईल एवढा. तो त्याने गाडीच्या बॉनेटवर टाकला. हाराचा पोटाकडचा भाग नाकावरून खाली लोंबला.

"खालची जाळी!" तरला ओरडली.

"दिसतेय की थोडी," हत्ती म्हणाला.

थोडी दिसत होती तीही मग दिसेनाशी झाली, कारण दाजींनी फ्लेक्स आणला. फ्लेक्सवर महाराजांचं हसरं तोंड होतं. बरोबर खालच्या जाळीच्या मापाचं.

तरला गाडीतून उतरली. "महाराज, हा फोटो टपावर लावा."

"टपावरचा फोटो आकाशाला दिसतो," महाराज म्हणाले. "आकाश टाळ्या वाजवतं का?"

"पण तेलाला वारा लागणार नाही."

"वारा काय, सगळीकडेच असतो," दाजी म्हणाले. "ताई, तुम्ही चालवण्याकडे लक्ष द्या. वाऱ्याचं आम्ही बघतो."

तिने पाणवठ्याकडे पाहिलं. पाणवठ्याच्या काठावर तिची पाडसं उभी होती, पुढचे पाय पाण्यात घालून. तिने एक दोरी सैल केली, फ्लेक्सचा एक कोपरा वर दुमडला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लगेच शिकाल.

माकडाने फांदी हलवली आणि शर्यत सुटली.

पहिल्या फेरीत तरलाने भुंड्याला असं मागे टाकलं, की तो आरशात दिसेना. चढावर तेलाचा काटा वर सरकला. तिने जोर काढला, वरचा गिअर टाकला. काटा उतरला, पण रोजच्यासारखा झटकन नाही. आजारी माणूस जिना उतरतो तसा उतरला. दुमडलेल्या कोपऱ्यातून जेवढा वारा जात होता तेवढ्यावर तो जगत होता.

"किती छान चाललंय," दाजी शेजारून म्हणाले. "पाण्याचा काटा बघा, अगदी मधोमध."

"तेलाचा बघा."

"मला हा मधला आवडतो," दाजी म्हणाले.

तेवढ्यात साळिंदरांची वस्ती आली. रस्त्यावर कमान, कमानीखाली साळिंदर महिला मंडळ, प्रत्येकीच्या काट्यावर एकेक फूल टोचलेलं. दाजींनी हात बाहेर काढला. "थांबवा, थांबवा."

"दाजी, आपण शर्यतीत आहोत!"

"पुढे आहोत म्हणून तर सत्कार. मागे असतो तर कोणी विचारलं असतं का? आणि नाही थांबलात तर साळिंदरं रुसतील. रुसलेलं साळिंदर तुम्ही पाहिलंय का कधी?"

तरलाने पाहिलं होतं. ती थांबली. मंडळाच्या अध्यक्षा गाडीसमोर आल्या, ओवाळलं, दुमडलेला कोपरा पाहून चुकचुकल्या. "अगं बाई, महाराजांचा कान मुडपलाय की!" असं म्हणून त्यांनी तो सरळ केला, घट्ट बांधला आणि वरून आपला हार घातला. उभ्या गाडीत तेल आणखी तापलं. कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि टाळ्यांनी फारसा वारा येत नाही.

भुंड्याची गाडी शेजारून घरघरत निघून गेली. त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. दाजी म्हणाले, "बघा, रीतभात नाही."

दुसऱ्या फेरीत तरलाने त्याला पुन्हा गाठलं आणि मागे टाकलं. तिचं चालवणं खरंच बघण्यासारखं होतं. पण काटा आता उतरायचं नाव घेईना. ती प्रत्येक उतारावर पाय काढायची, इंजिनाला दम खाऊ द्यायची, आणि प्रत्येक चढावर काटा होता त्याच्याही वर जायचा. तिने ठरवलं, पुढे मोकळं माळरान लागलं की थांबायचं, उतरायचं आणि सगळं ओरबाडून फेकून द्यायचं. महाराज तर महाराज. साळिंदरं तर साळिंदरं.

माळरान लागलं. ती थांबली. उतरली. आणि पाहते तर समोर तिचाच कळप उभा.

सासूबाई होत्या, नणंदा होत्या, लांबच्या कुरणातले चुलत दीरही आले होते. त्यांनी एक फलक आणला होता. त्यावर तरलाचा फोटो. मान उंच, डोळे मोठे, कान टवकारलेले. खाली अक्षरं होती, 'आमच्या तरलाताई, जंगलाची शान'.

"सूनबाई, कुठे लावू गं?" सासूबाईंनी विचारलं. याआधी त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

मुलांनो, फोटो खरोखर छान आला होता. तरलाने त्याच्याकडे पाहिलं. नाकाकडे पाहिलं. महाराजांचं तोंड, साळिंदरांचा हार, हत्तीचा हार. धक्क्यांनी फ्लेक्स जरा सरकला होता, म्हणून खालच्या जाळीची एक शेवटची फट उरली होती, एका बाजूला, पंजाएवढी.

"वर नको," ती हळूच म्हणाली. "वर रेडिएटर आहे. खाली लावा. त्या बाजूला."

इथे मी तिची बाजू घेणार नाही. तिला सगळं माहीत होतं. पण तिच्या सासूने तिला आयुष्यात पहिल्यांदा 'गं' म्हटलं होतं, आणि ज्यांना असं कोणी म्हटलं आणि तरीही जे विरघळले नाहीत त्यांनीच तिला नावं ठेवायला पुढे यावं. तर फलक लागला. सगळे हार तसेच राहिले, काही ओरबाडलं गेलं नाही, आणि गाडी निघाली.

तिसरी फेरी. चढाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्यात शिरला.

"दाजी, संपलं आता," तरला म्हणाली. "काटा लाल झाला."

दाजींनी वाकून पाहिलं. त्यांना कितीही झालं तरी कार्यक्रम बिघडलेला खपत नसे. त्यांनी खिशात हात घातला. विजयासाठी आणलेला गुलाल होता, तो मूठभर काढला आणि मीटरच्या काचेवर नीट चोपडला.

"आता सगळंच लाल आहे," ते म्हणाले. "आता काटा कुठेही असो."

"अहो, तेल मीटरमध्ये नाही, इंजिनात तापतंय!"

"ते कोणाला दिसतंय?"

तरलाने जोर काढला. गाडी हळू झाली. तिने बाहीने काच पुसायचा प्रयत्न केला, पण हरणाला बाही नसते, त्यामुळे गुलाल आणखी पसरला. तरीही तिला कानांवर विश्वास होता. असंच सावकाश, वरच्या गिअरमध्ये, इंजिन न ताणता नेलं, तर शेवटपर्यंत पोचेल. भुंड्या अजून बराच मागे होता. हळू गेलं तरी जिंकता येत होतं. मुलांनो, ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात घ्या. त्या क्षणापर्यंत पाणी आपलं होतं.

"ताई, वेग वाढवा," दाजी म्हणाले. "पुढच्या वळणावर महाराज उभे आहेत."

"असू देत."

"त्यांच्यासमोरून बैलगाडीसारखे जाणार? नाकावर त्यांचं तोंड घेऊन? सगळं जंगल बघतंय. उद्या म्हणतील, महाराज हळू झालेत. आणि फलकावर तुमचाही फोटो आहे. तुम्हीही हळू झालात म्हणतील. सासूबाईसुद्धा एव्हाना तिथे पोचल्या असतील."

वळण आलं. महाराज उंच दगडावर उभे होते, भोवती सगळं जंगल, आणि गाडी दिसताच असा काही जल्लोष झाला की पानं गळाली. तिच्या नावाचा घोष चालला होता. तिने गिअर खाली टाकला आणि पाय दाबला.

गाडी महाराजांसमोरून सुसाट गेली. महाराजांनी हात हलवला. नाकावरच्या महाराजांनी हसून दाखवलं. मग इंजिनाच्या पोटातून आवाज आला, आधी खलबत्त्यात काहीतरी कुटल्यासारखा, मग कोणीतरी खलबत्ताच फेकून दिल्यासारखा. मागून निळा धूर निघाला. गाडी थोडी घरंगळली आणि थांबली. शेवटची रेघ तिथून दिसत होती.

तरला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. दाजी उतरले, हार व्यवस्थित आहेत ना ते पाहिलं. सगळे ताजे होते.

बऱ्याच वेळाने भुंड्या आला. प्रत्येक चढावर जोर काढत, प्रत्येक उतारावर वारा खात, उघड्या नाकाने. त्याने रेघ ओलांडली. त्याचं अभिनंदन करायलाही कोणी नव्हतं. त्याने गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ तशीच मंद सुरू ठेवली, तेल निवू दिलं, मग उतरून पाणवठ्यावर गेला आणि पोटभर प्याला.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. समितीत हत्ती होता, साळिंदर मंडळाच्या अध्यक्षा होत्या, दाजी अर्थातच होते. समितीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. निष्कर्ष असा निघाला, की पाण्याचा काटा शेवटपर्यंत मधोमध राहिला, तेव्हा तो जंगलाशी एकनिष्ठ होता. तेलाचा काटा मात्र सुरुवातीपासून नकारात्मक बोलत होता. त्याच्यामुळे चालकाचं मन खचलं. म्हणून पुढच्या वर्षीच्या गाडीत तेलाचा काटा नसावा.

"आणि खालची जाळी?" मागून कोणीतरी विचारलं.

"ती मोठी करावी," समितीने शिफारस केली. "या वर्षी फोटोंना जागा कमी पडली."

उन्हाळा चढला. पाणवठ्यावर पलीकडच्या जंगलाचा पहारा बसला. आपली जनावरं पहाटे उठून नदीची वाट धरायची. तरलाची दोन्ही पाडसं जायची आणि दोन्ही परत यायची, पण रोज संध्याकाळी ती मोजायची आणि मोजून झालं की पुन्हा एकदा मोजायची. शेजारच्या कळपात मोजणाऱ्या एका हरणीने मोजणं बंद केलं होतं. मला याबद्दल याहून जास्त बोलवत नाही.

अशा ऐन उन्हात महाराजांनी जाहीर केलं की तरलाचा भव्य सत्कार होईल. कशाबद्दल? तर गाडीचं इंजिन जंगलाच्या चरणी अर्पण केल्याबद्दल.

तरला जाणार नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बरं दिसत नाही गं." मग गेली. पाडसांना घेऊन गेली, कारण घरी ठेवून जायची सोय नव्हती.

व्यासपीठ बांधलं होतं. महाराज बोलायला उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं, तरी महाराज इंजिनाच्या त्यागावरच होते. तरलाची जीभ टाळ्याला चिकटली. धाकटं पाडस तिच्या पायाशी बसलं होतं, त्याने मान जमिनीवर टाकली.

"दाजी," ती कुजबुजली. "याला घोटभर पाणी मिळेल का?"

"ताई, पाणी आहे कुठे? होतं ते एक मडकं, तेवढंच नदीवरून आणलेलं. ते हारांवर शिंपडलं. उन्हाने सुकले असते, तुमचाच अपमान झाला असता."

मग हत्ती पुढे आला आणि त्याने तिच्या गळ्यात हार घातला. झेंडूचा, जाडजूड, थबथबलेला. थेंब तिच्या पायांवर पडत होते.

तरलाने मान खाली घातली आणि हार चाटायला सुरुवात केली. एकेक फूल. मग तिने गुडघे टेकले, हाराचं टोक धाकट्याच्या तोंडाशी नेलं. ते चाटू लागलं. मोठंही आलं. तिघं मिळून त्या हाराला लागली, पाकळ्यांच्या आतलं शेवटचं पाणी निघेपर्यंत. मला हे सांगताना अजून राग येतो, आणि रडूही येतं, पण तुम्ही लहान आहात म्हणून मी फक्त सांगतोय.

समोरच्या गर्दीने ते पाहिलं.

"बघा, बघा," महाराज भारावून म्हणाले. "सत्काराचं प्रेम याला म्हणतात!"

आणि सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : गाडी जोरात पळवायची असेल तर तेलाच्या काट्याकडे बघावं, जाळी मोकळी ठेवावी आणि चढावर जोर काढावा, असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नये, त्याने कार्यक्रमाची शोभा जाते. फक्त हार घालण्याआधी ते चांगले भिजवून घ्यावेत. मागाहून मुलांना प्यायला होतात.